हप्ता एक तारखेला, मतदान चारला

न्यू जर्सीत प्रॉपर्टी टॅक्सचे वर्षाला चार हप्ते असतात. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर; प्रत्येक वेळी एक तारीख. २०२५ साली गव्हर्नरची निवडणूक आली ४ नोव्हेंबरला. शनिवारी हप्ता, मंगळवारी मतदान. मुहूर्त कुणी काढला नव्हता, पण सत्ताधारी पक्षाला यापेक्षा वाईट मुहूर्त शोधूनही सापडला नसता. २०२४ मध्ये राज्यातल्या सरासरी घराचा टॅक्स वर्षाला दहा हजार डॉलरच्या पुढे गेला. देशात सगळ्यांत जास्त. मिडलसेक्स काउंटीच्या आमच्या पट्ट्यात हा आकडा सांगितला तर लोक हळहळत नाहीत, उलट विचारतात, "दहाच? कुठे राहता?"

आईला फोनवर म्हटलं, इथे गव्हर्नरची निवडणूक आहे. ती म्हणाली, "राज्यपालाला कशाला कोण निवडून देतंय?" पुण्यात बसून तिचं बरोबरच आहे. आपल्या संविधानाच्या मसुद्यात राज्यपाल थेट लोकांनी निवडावा असाही पर्याय होता. मे १९४९ मध्ये संविधान सभेने तो बाजूला ठेवला. लोकांनी निवडलेला राज्यपाल आणि आमदारांनी निवडलेला मुख्यमंत्री, एका म्यानात दोन तलवारी कशा राहणार, अशी धास्ती होती. इथे दुसरी तलवारच नाही. गव्हर्नर म्हणजे मुख्यमंत्री, आणि न्यू जर्सीत तर जरा जास्तच वजनदार. १९४७ च्या राज्यघटनेने सगळी सूत्रं त्याच्या हाती दिली. अॅटर्नी जनरल, राज्याचा खजिनदार, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, सगळे त्याने नेमायचे आणि राज्याच्या सिनेटने मान डोलवायची. इतर बऱ्याच राज्यांत अॅटर्नी जनरलसुद्धा लोक निवडतात. इथे राज्याचा कारभार हाकायला अख्ख्या राज्याने मिळून निवडायचं तिकीट एकच: गव्हर्नर आणि त्याच्या जोडीचा लेफ्टनंट गव्हर्नर.

त्यामुळे राग काढायलाही एकच खिडकी. वीज महागली, गव्हर्नर. ट्रेन बोगद्यात अडकली, गव्हर्नर. घराचा टॅक्स वाढला, गव्हर्नर. त्या वर्षीचा सगळा प्रचार मी या खिडकीसमोरच्या रांगेत उभं राहून पाहिला, आणि दर आठवड्याला माझी खात्री पटत गेली की यातल्या निम्म्या तक्रारींचं काम या खिडकीवर होतच नाही.

विजेचंच घ्या. १ जूनपासून दर १७ ते २० टक्क्यांनी चढले. आमच्या बिलावर दोन उभ्या पट्ट्या छापलेल्या असतात: गेल्या वर्षीचा हाच महिना आणि या वर्षीचा. जुलैच्या बिलात या वर्षीची पट्टी चक्क बुटकी होती, कारण मुलगा आजोळी गेला होता आणि वरच्या मजल्याचा एसी बंद होता. रक्कम मात्र जास्त. नवऱ्याने बिल जेवणाच्या टेबलावर पसरलं, चष्मा कपाळावर चढवला आणि ओळीन् ओळ वाचली. बिलात दोन भाग असतात, वीज विकत घेतल्याचे पैसे वेगळे आणि ती तारांतून घरापर्यंत आणल्याचे वेगळे. फुगला होता तो पहिला भाग. "म्हणजे कंपनी म्हणणार आमचा काही दोष नाही," तो म्हणाला, आणि कंपनीच्या पुढच्या पत्रकात अगदी तेच छापून आलं.

दोष कुणाचा हे शोधायला गेलं की माणूस पेन्सिल्व्हेनियात पोचतो. पीजेएम नावाची संस्था तिथून तेरा राज्यांचं आणि वॉशिंग्टन डीसीचं विजेचं जाळं सांभाळते. ऐन गरजेच्या वेळी वीज पुरवायला तयार राहा, म्हणून ती वीजकेंद्रांना आगाऊ पैसे देते, आणि त्या पैशांचा दर लिलावात ठरतो. जुलै २०२४ च्या लिलावात तो मेगावॉटमागे दिवसाला २८.९२ डॉलरवरून २६९.९२ वर गेला. नऊपट. डेटा सेंटरांची न संपणारी भूक, बंद होत चाललेली जुनी केंद्रं आणि जाळ्याला जोडून मिळण्यासाठी वर्षानुवर्षं ताटकळलेले नवे प्रकल्प, अशी कारणं. पुढच्या वर्षीच्या लिलावात दर आणखी वर, ३२९.१७. यातलं एकही बटण ट्रेंटनला, म्हणजे आमच्या राजधानीत, नाही. म्हणून ट्रेंटनने हातात होतं ते केलं. जुलै-ऑगस्टच्या बिलात तीस-तीस डॉलर कमी करवले, आणि सप्टेंबरपासून ते महिन्याला दहा-दहा करून परत वसूल. याला आमच्याकडे उसनवारी म्हणतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मात्र खरीखुरी सूट आली, दोन महिन्यांची मिळून शंभर डॉलर. मतदान नोव्हेंबरात. हिशेब कळायला सीए व्हायला नको.

सीए मात्र रिंगणात होताच. रिपब्लिकन उमेदवार जॅक चिटारेली हे पेशाने अकाउंटंट, माजी आमदार, तिसऱ्यांदा नशीब आजमावत होते. २०१७ मध्ये पक्षाच्या प्राथमिक फेरीतच हरले, २०२१ मध्ये तेव्हाचे डेमोक्रॅट गव्हर्नर फिल मर्फी यांना त्यांनी घाम फोडला आणि तीनेक टक्क्यांनी पडले. समोर डेमोक्रॅट मिकी शेरिल: नौदलात हेलिकॉप्टर वैमानिक, मग सरकारी वकील, मग खासदार. शेरिल म्हणाल्या, पहिल्याच दिवशी विजेबाबत आणीबाणी जाहीर करून दर गोठवीन. चिटारेली म्हणाले, वीजकेंद्रांच्या कार्बनवर पैसे लावणाऱ्या, आसपासच्या राज्यांबरोबरच्या करारातून बाहेर पडेन. त्यांच्या मते हे सगळं मर्फींच्या पवनचक्क्यांच्या वेडाने झालं. दोन्ही उत्तरं ऐकायला ठसठशीत. मला विचाराल तर पहिलं कोर्टात किती टिकेल याचा घोर होता आणि दुसऱ्याने बिलाला जेमतेम ओरखडा उठला असता. पण "लिलाव पेन्सिल्व्हेनियात होतो, मी फार तर भांडू शकतो" असं खरं बोलणाऱ्या उमेदवाराला मत कोण देणार? मीही दिलं नसतं कदाचित.

पहिली जाहीर वादचर्चा २१ सप्टेंबरला रायडर विद्यापीठात झाली, रविवारी. त्याच्या आदल्या शुक्रवारी व्हाइट हाउसने नोकरीसाठीच्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं होतं. ते फक्त नव्या अर्जांना आहे की परत येणाऱ्या प्रत्येकाला, हे स्पष्ट व्हायला शनिवार उजाडला, आणि तोवर आमच्या ओळखीतल्या निम्म्या घरांत विमानाची तिकिटं बदलणं चालू होतं. एकीचा नवरा साताऱ्याला बहिणीच्या लग्नाला गेलेला. ती रात्रभर त्याला "हळद टाक आणि निघ" असं सांगत होती. अशा शनिवारनंतर रविवारी टीव्हीसमोर बसून सेल्स टॅक्स आणि शाळांच्या अनुदानाचं सूत्र ऐकायचं, म्हणजे मन ठिकाणावर नसताना कीर्तनाला बसायचं. व्हिसा हा गव्हर्नरचा विषय नाही. पण त्या घरांना त्या आठवड्यात दुसरा विषयच नव्हता.

८ ऑक्टोबरला न्यू ब्रन्सविकला दुसरी फेरी झाली, आणि ती मात्र डोळ्यांदेखत हातघाईवर आली. शेरिल यांच्या नेव्हल अकॅडमीतल्या जुन्या कॉपी-प्रकरणाचा विषय निघाला; १९९४ च्या पदवीदान संचलनात त्या चालल्या नव्हत्या. वर्गमित्रांची नावं सांगितली नाहीत म्हणून, असं त्यांचं म्हणणं. उलट त्यांनी चिटारेलींच्या वैद्यकीय प्रकाशनाच्या धंद्यावर बोट ठेवलं: ओपिऑइड, म्हणजे व्यसन लावणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांच्या कंपन्यांसाठी साहित्य छापलं, त्यातून हजारो माणसं गेली. ते संतापले, पुढे बदनामीच्या दाव्याची भाषा झाली. आम्ही चौघं पाहत होतो. अर्ध्या तासाने मुलाने विचारलं, "विजेचं कधी बोलणार?" वीज आली आणि गेलीही. प्रत्येक उत्तराला मोजके सेकंद, त्यात आकडा एक, टोला एक. या वादचर्चांत सेल्स टॅक्स वाढवणार नाही असा शब्द देणं शेरिल यांनी टाळलं, आणि ते टाळणं लगेच जाहिरातीत आलं. ट्रम्पना किती गुण द्याल यावर चिटारेलींनी 'ए' दिला, आणि तोही लगेच जाहिरातीत आला. शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेत आम्हाला घंटा वाजली की बसावं लागायचं. इथे घंटा वाजली तरी कुणी बसत नव्हतं.

या जाहिराती आम्हाला दिसतात तेही परक्या दारातून. न्यू जर्सीला स्वतःचं म्हणावं असं मोठं टीव्ही केंद्र नाही. उत्तरेकडचे लोक न्यूयॉर्कची चॅनलं पाहतात, दक्षिणेकडचे फिलाडेल्फियाची. त्या शरदात न्यूयॉर्कच्या महापौरपदाची लढत चालू होती. परिणामी आमच्या मराठी ग्रुपवर ममदानी या एका नावावरून जी भांडणं झाली, दोघांनी ग्रुप सोडला, एक परत आला, तेवढी आपल्या गव्हर्नरवरून झाली नाहीत. भांडणाऱ्यांपैकी एकालाही न्यूयॉर्क शहरात मत नव्हतं. आपल्या राज्यातली निवडणूक आमच्या वाट्याला आली ती टपालपेटीतून. गुळगुळीत कागदाची मोठाली पत्रकं, विरोधकाचा फोटो दर वेळी काळा-पांढरा, तोंड अर्धवट उघडं. रद्दी त्या महिन्यात दुप्पट झाली.

भाऊबीज होऊन दोन दिवसांनी, २५ ऑक्टोबरच्या शनिवारी, एकांच्या बेसमेंटमध्ये फराळ होता. त्याच दिवशी आगाऊ मतदान सुरू झालेलं. चकल्या वहिनींनी घरी केलेल्या, अनारसे ओक ट्री रोडवरच्या दुकानातून आणलेले, हे वहिनींनी स्वतःच जाहीर केलं म्हणून कुणी नावं ठेवली नाहीत. विषय निघाला आणि सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा? ज्यांना मतच नाही त्यांचा. ग्रीन कार्डच्या रांगेत भारतीयांची नावं इतकी मागे असतात की इथे जन्मलेली पोरगी कॉलेजात जाते तरी बापाचा नंबर लागत नाही. घर आहे, चारही हप्ते वेळेवर आहेत, ट्रेनचा मासिक पास आहे, मे महिन्यात इंजिनचालकांच्या तीन दिवसांच्या संपात घरून काम केलेलं आहे, मत नाही. असाच एक जण म्हणाला, "मला मत असतं ना, तर मी दोघांनाही विचारलं असतं, हडसनखालच्या बोगद्याचं काय करताय." तो रोज त्यातून जातो. १९१० चे बोगदे, २०१२ मध्ये सँडी वादळाचं खारं पाणी आत शिरलेलं. २०१० मध्ये गव्हर्नर ख्रिस्टींनी नव्या बोगद्याचा आधीचा प्रकल्प रद्द केला. आता पुन्हा खोदाई सुरू झालेली, तर त्याच महिन्यात ट्रम्प म्हणाले की प्रकल्प संपवला. एका बोगद्याला ट्रेंटन आणि वॉशिंग्टन आळीपाळीने बूच लावतात.

कोपऱ्यात एक काका होते, सत्तरीच्या पुढचे, इथे चाळीस वर्षं काढलेले. ते हसले. "फ्लोरिओ माहीत आहे का तुम्हाला?" कुणालाच माहीत नव्हता. जिम फ्लोरिओ, १९९० मध्ये गव्हर्नर. आल्या आल्या २८० कोटी डॉलरचे कर वाढवले, सेल्स टॅक्स सहावरून सातवर, आणि तो टॉयलेट पेपरलाही लावला. लोकांना बाकीचं काही कळलं नसतं तरी चाललं असतं, टॉयलेट पेपरचं कळलं. रेडिओवर दिवसरात्र शिव्या. पुढच्याच वर्षी पक्षाच्या हातून विधिमंडळाची दोन्ही सभागृहं गेली, १९९३ मध्ये फ्लोरिओही थोडक्यात गेले. ख्रिस्टीन टॉड व्हिटमन आल्या, इन्कम टॅक्स तीस टक्क्यांनी उतरवू म्हणाल्या आणि उतरवला. "मग?" "मग काय, घराचा टॅक्स चढला," काका म्हणाले आणि चिवड्यातले शेंगदाणे वेचायला लागले.

त्यांनी सांगितला नाही तो त्याआधीचा भाग मी नंतर वाचला, आणि तो जास्त गमतीचा आहे. १९७३ च्या प्रचारात गव्हर्नरपदाचे उमेदवार ब्रेंडन बर्न म्हणाले होते, नजीकच्या काळात राज्याला इन्कम टॅक्सची गरज नाही. शाळांचा खर्च घरांच्या टॅक्सवर टाकणं अन्यायाचं आहे असं कोर्टाने म्हटलं होतं, आमदार पैसे उभे करीनात, तेव्हा १ जुलै १९७६ ला कोर्टाने राज्यातल्या शाळाच बंद करायला लावल्या. आठवडाभरात इन्कम टॅक्स आला. 'वन टर्म बर्न' असे स्टिकर गाड्यांवर लागले. पण त्या टॅक्सचा पैसा घराच्या टॅक्सचा भार हलका करण्यासाठीच वापरायचा असं राज्यघटनेत लिहिलं गेलं, लोकांच्या हातात सवलतीचे चेक पडले, आणि १९७७ मध्ये बर्न पुन्हा निवडून आले. तेव्हापासून हाच खेळ नावं बदलून चालू आहे. एका हाताने टॅक्स घ्यायचा, दुसऱ्या हाताने निवडणुकीच्या आसपास त्यातला थोडा परत करायचा, आणि लोकांनी घेताना शिव्या व परत मिळताना मत द्यायचं.

आता माझं म्हणणं. हा टॅक्स गव्हर्नर लावतच नाही. तो लावतात आपलं टाऊन, आपली काउंटी आणि आपलं स्कूल डिस्ट्रिक्ट. निम्म्याहून जास्त वाटा शाळांचा. आकाराने नगर जिल्ह्याच्या दीडपटही नसलेल्या या राज्यात ५६४ नगरपालिका आहेत आणि सहाशेच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट. बहुतेकांचा आपला पोलीसप्रमुख, आपली बर्फ ढकलणारी गाडी, आपला शाळा अधीक्षक. एकत्र या, खर्च वाचेल, असं प्रत्येक गव्हर्नर सांगतो आणि प्रत्येक गाव मान हलवून नको म्हणतं. प्रिन्स्टन नावाची दोन गावं, एक दुसऱ्याच्या पोटात. ती एक व्हायला २०१३ उजाडलं, आणि ते अजून उदाहरण म्हणून सांगतात, इतकं ते दुर्मीळ.

आणि आपण मराठी माणसं यात नुसते बळी आहोत असंही नाही. घर बघताना आपण आधी काय विचारतो? "शाळा कशी आहे?" शाळेचा क्रमांक बघून घर घेतलं, त्या क्रमांकासाठी पन्नास-साठ हजार जास्त मोजले, शेजारच्या गावातली मुलं आपल्या शाळेत आणायचा नुसता विषय निघाला तर अंगावर काटा आला. तो क्रमांक राखायचे पैसे म्हणजेच तो हप्ता. फराळाला हे म्हटलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "अगं, शाळा चांगली हवीच, पण इतका टॅक्स?" यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. चिटारेलींकडे नव्हतं, शेरिल यांच्याकडे नव्हतं.

निकाल काय लागला ते माहीतच आहे. चुरस आहे म्हणून सर्व्हेवाले सांगत होते आणि शेरिल चौदा टक्क्यांहून जास्त फरकाने आल्या. १९६१ नंतर या राज्याने एकाच पक्षाला सलग तिसऱ्यांदा कधी निवडलं नव्हतं. तो नेम मोडला. २०२१ मध्ये चाळीस टक्के लोकांनी मत दिलं होतं, या वेळी निम्म्याहून अधिकांनी दिलं. पसेइक काउंटी वर्षापूर्वी ट्रम्पकडे गेली होती, ती परत फिरली. म्हणजे भांडण विजेच्या बिलावरून झालं आणि मत बऱ्याच लोकांनी वॉशिंग्टनकडे तोंड करून दिलं, असं माझं मत. बिलावरचा राग मर्फींच्या पक्षाला भोवायला हवा होता. लोकांनी त्याहून मोठा राग बाहेर काढला. २० जानेवारी २०२६ ला शपथ घेताच शेरिल यांनी विजेच्या आदेशांवर सह्या केल्या. त्याचं काय होतं ते बिलावरच्या पट्ट्या सांगतील.

मतपत्रिकेवर मात्र गव्हर्नरखाली आणखी बरंच काही होतं. आमदार, काउंटीचे सभासद, आणि सगळ्यात शेवटी शाळा मंडळ. पूर्वी शाळांचं अंदाजपत्रक एप्रिलमध्ये लोकांच्या मताला टाकत. २०१० च्या कायद्याने वाढीला दोन टक्क्यांची मर्यादा आली, आणि त्यानंतर बहुतेक डिस्ट्रिक्टनी मंडळाची निवडणूक नोव्हेंबरात नेली, त्या बदल्यात मर्यादेतल्या अंदाजपत्रकावरचं मतदान उडालं. त्यामुळे आपल्या हप्त्याचा मोठा वाटा कुठे खर्च करायचा हे ठरवणारी माणसं आता त्या शेवटच्या रकान्यात असतात. आगाऊ मतदानाच्या रांगेतून एकीने ग्रुपवर विचारलं, "स्कूल बोर्डला कोण?" पहिलं उत्तर, "आपल्यातला कुणी आहे का बघ." दुसरं, "रिकामं सोडलं तरी चालतं." दोन्ही उत्तरं देणारे त्याच आठवड्यात टॅक्सवरून तावातावाने बोलले होते.

अंदाजपत्रकावर मतदान नसलं तरी जाहीर सुनावणी असते, वसंत ऋतूत, शाळेच्या सभागृहात, कुणीही उठून बोलावं. तिची तारीख मी ग्रुपवर टाकली. अंगठे बरेच आले. कोण कोण येणार विचारलं, तर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग बोगद्यातून रोज जाणाऱ्याने, ज्याला मतच नाही त्याने, लिहिलं, "मी येतो. किती वाजता?" आणि त्याच्याखाली आणखी एकाने, "झूमवर आहे का?"